आपण न खणलेल्या विहिरी

एका जुन्या नळामुळे मला माझा एक उपदेश मागे घ्यावा लागला. उपदेश शास्त्राला सोडून होता असे नाही. वचन बरोबर होते, मांडणीही नीट होती, आणि सभेनंतर दोन-तीन वडिलधाऱ्यांनी हात हातात घेऊन "आज चांगले बोललात" असे म्हटले होते. तरीही तो मागे घ्यावा लागला. का, ते सांगण्यासाठी हा लेख लिहीत आहे. कारण त्यातून जो प्रश्न निघाला तो माझ्या एकट्याचा नाही असे मला वाटते. प्रश्न असा : जो आशीर्वाद आपल्याला न मागता, न कमावता, वाडवडिलांपासून मिळत आला आहे, त्याबद्दल देवाचे उपकार मानले म्हणजे आपले कर्तव्य संपते काय? की तो आशीर्वाद कोणत्या वाटेने आपल्या दारापर्यंत आला हे पाहणेही उपकारस्तुतीचाच एक भाग आहे?

हैदराबादेतील कोठी हा भाग पुष्कळ वाचकांना ठाऊक असेल. इंग्रज रेसिडेंटाची जी मोठी कोठी १८०३ च्या सुमारास येथे बांधू लागले, तिच्यावरून या भागाला हे नाव पडले. त्या इमारतीत पुढे मुलींचे महाविद्यालय आले. तिच्या आसपास सुलतान बाजार, जांबाग, बडी चावडी, काचीगुडा या वस्त्यांत मराठी बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या राहत आली. १९०७ साली स्थापन झालेली विवेकवर्धिनी शाळा याच परिसरात आहे. आम्ही ज्या वाड्यात राहतो तो याच भागातील एका अरुंद गल्लीत आहे. आठ बिऱ्हाडे, मधोमध फरसबंद अंगण आणि अंगणाच्या कोपऱ्यात एक नळ. त्या नळाची ही गोष्ट आहे.

२०१६ चा उन्हाळा आठवून पाहा. उस्मानसागर आणि हिमायतसागर हे शहराचे दोन्ही जुने तलाव आटले होते. मराठवाड्यात तर त्याहून बिकट स्थिती होती. त्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले; पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या आणि त्यांत पाच लाख लिटर पाणी होते. आमच्या वाड्यातील एका आजीची मुलगी लातूरला दिलेली आहे. ती फोनवर सांगे, "आई, आमच्याकडे पाणी आगगाडीत बसून येतंय." आमच्या गल्लीतही नळाला एक दिवसाआड, तेही जेमतेम अर्धा तास पाणी येई. गल्लीच्या शेवटच्या घरांना तेवढेही मिळत नसे. तेथील बायका टँकरची वाट पाहत रिकाम्या कळशांची रांग लावून उन्हात उभ्या असत.

आणि आमच्या वाड्यातला नळ मात्र रोज पहाटे चारला वाहू लागे! धार बारीक, पण खंड नाही. मी लहानपणापासून हेच पाहत आलो होतो. त्या एप्रिलमध्ये वाड्यातच घरगुती प्रार्थनासभा झाली, तेव्हा मी १ राजे १७ वा अध्याय घेतला. एलीया करीथ ओहोळापाशी राहतो, सगळ्या देशात दुष्काळ असताना कावळे त्याला भाकर आणतात आणि तो ओहोळाचे पाणी पितो. मी अंगणातल्या नळाकडे बोट दाखवून म्हणालो, "बंधुभगिनींनो, आपला करीथ हा येथे आहे. जे परमेश्वरावर भाव ठेवतात त्यांच्या अंगणात तो दुष्काळातही पाणी वाहवतो." सर्वांनी मोठ्याने आमेन म्हटले.

पुढच्या महिन्यात गल्लीत नवा नळ टाकण्यासाठी रस्ता खणायला घेतला. तिसऱ्या दिवशी आमच्या वाड्याच्या भिंतीपासून दोन हातांवर कुदळ कशावर तरी खणकन वाजली. माती बाजूला केली तेव्हा एक जुना बिडाचा नळ दिसू लागला. मनगटाहून जाड, वरून गंजाचे पापुद्रे धरलेला, पण आतून शाबूत. जेथे नळाचा एक तुकडा दुसऱ्याच्या तोंडात बसवला होता तेथे करड्या रंगाचे कडे होते. खात्याच्या कोणत्याही नकाशावर तो नळ नव्हता.

आमच्या मंडळीत पाणीखात्यातून निवृत्त झालेले एक फिटरकाका आहेत. त्यांना बोलावून आणले. ते खड्ड्यात उतरले, गुडघे टेकून बसले आणि त्या कड्यावरून बोट फिरवीत म्हणाले, "हे शिसं आहे. आधी तागाची दोरी कोंबायची, मग वितळलेलं शिसं ओतायचं, आणि गार झालं की छिन्नीनं ठोकून ठोकून बसवायचं. असा सांधा करणारे हात आता राहिले नाहीत. हा गिरणीच्या जमान्यातला माल आहे."

गिरणीच्या जमान्यातला म्हणजे काय हे तरुण वाचकांसाठी थोडे सांगतो. निजाम संस्थानातील पहिली कापडगिरणी हैदराबादेस १८७७ मध्ये निघाली. पुढे गुलबर्गा, औरंगाबाद, नांदेड, वरंगळ येथेही गिरण्या झाल्या. हुसेनसागराच्या बांधाखालच्या बाजूला १९२० मध्ये दिवाणबहादुर रामगोपाल मिल उभी राहिली. गिरणी तलावाजवळ असण्याला कारण आहे. बॉयलरला पाणी लागते, वाफ थंड करायला पाणी लागते, सूत तुटू नये म्हणून खात्यातील हवा ओलसर ठेवावी लागते, आणि धुण्या-रंगवण्याला तर पाण्याचा हिशेबच नसतो. त्याच काळात शहराच्या पाण्याचीही नवी व्यवस्था होत होती. २८ सप्टेंबर १९०८ रोजी मुसी नदीला महापूर येऊन हजारो माणसे दगावली. त्यानंतर विश्वेश्वरय्या यांना बोलावण्यात आले, आणि मुसीवर उस्मानसागर (१९२०) व तिला मिळणाऱ्या ईसीवर हिमायतसागर (१९२७) हे तलाव झाले. पूर अडवणे आणि शहराला पिण्याचे पाणी देणे, ही दोन्ही कामे त्यांनी केली. म्हणजे ज्या पाण्याने माणसे मारली तेच अडवून माणसे जगवली गेली. त्या वर्षांत शहरात किती बिडाचे नळ पुरले गेले असतील! ते पुरणाऱ्यांपैकी एकाचेही नाव आपल्याला ठाऊक नाही.

आमचा वाडा मूळचा गिरणीतल्या एका जॉबराने बांधला असे जुनी माणसे सांगत. जॉबर म्हणजे कामगारांना भरती करणारा मुकादम. त्या काळी पुष्कळ गिरण्यांतून जॉबराला दस्तुरी दिल्यावाचून गरिबाला काम मिळत नसे, हे सर्वश्रुत आहे. आमच्या जॉबराने ती घेतली की नाही हे देव जाणे. पण आपल्या वाड्याला त्याने चांगला जाड नळ मिळवला होता, एवढे खरे.

फिटरकाकांनी खड्डा आणखी थोडा पुढे खणायला लावला, आणि मग सगळे उलगडले. गल्लीला पाणी सोडण्याची जी झडप आहे तिच्या अलीकडूनच हा जुना नळ मोठ्या नळाला जोडलेला होता. त्यामुळे गल्लीची झडप बंद असली तरी आमच्या अंगणात पाणी येत असे, आणि ती उघडली तरी वरचा दाब आधीच कमी झालेला असे. त्याचा परिणाम शेवटच्या घरांवर होई. मीटर नव्हता, कोणत्या वहीत नोंद नव्हती. काका वर आले, हात झाडले आणि हळूच मला म्हणाले, "ब्रदर, तुमचा करीथ सापडला."

त्यांनी हे थट्टेने म्हटले, परंतु मला ते टोचले. त्या रात्री मी पुन्हा १ राजे १७ वा अध्याय उघडला. मी सहाव्या ओवीवर थांबलो होतो. सातव्या ओवीत काय आहे? देशात पाऊस न पडल्यामुळे काही दिवसांनी तो ओहोळ आटला! देवाच्या संदेष्ट्याचा ओहोळही लोकांच्या ओहोळांबरोबर आटला. एलीयाला दुष्काळातून वगळले गेले नाही. तेथून उठून तो एका विधवेच्या दारी गेला, आणि तिच्या शेवटच्या मूठभर पिठात वाटेकरी होऊन त्याने आणि तिने एकत्र दिवस काढले. मी मात्र शेजाऱ्याची रांग दारात उभी असताना आपला न आटणारा नळ दाखवून देवाची साक्ष देत होतो.

दुसऱ्या संध्याकाळी वाड्यातील सगळी बिऱ्हाडे अंगणात बसली. त्या बैठकीत जे बोलले गेले ते येथे प्रामाणिकपणे लिहितो, कारण प्रत्येक म्हणण्यात काही ना काही खरे होते.

एक गृहस्थ म्हणाले, "आपण चोरी केली नाही. नळ आपण जोडला नाही. ज्याने जोडला तो मरून साठ वर्षे झाली. मग अपराध कोणाचा?" दुसरे म्हणाले, "आपण नळ बंद केला म्हणून लातूरला पाणी पोहोचणार आहे का? वरून माती ओढा आणि गप्प बसा." तिसरे म्हणाले, "देवाने दिलेले दान परत करणे हाही अविश्वासच." माझ्या मनात या तिन्ही गोष्टी आधीच येऊन गेल्या होत्या हे कबूल करतो. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. उपदेशक मी होतो.

या तीन म्हणण्यांचा विचार मी त्या वेळी केला आणि नंतरही पुष्कळ केला. तो वाचकांपुढे ठेवतो.

पहिले म्हणणे अपराधाचे. नकळत जे घडते त्याचा दोष माणसाला लागतो काय? लेवीय ५:१७ मध्ये नियमशास्त्र सांगते की एखाद्याने नकळत आज्ञा मोडली तरी तो दोषी ठरतो आणि त्याचा भार त्याने वाहावा. हे ऐकायला कठोर वाटते. दुसरीकडे लूक १२:४८ मध्ये आपल्या प्रभूने न जाणता चुकलेल्या दासाला थोडेच फटके सांगितले आहेत. या दोन वचनांत विरोध नाही. शास्त्र दोन गोष्टी वेगळ्या ठेवते : दोषाचे माप आणि भार उचलण्याची जबाबदारी. न जाणता घडले असेल तर दोष कमी, कदाचित नाहीच. पण नुकसान तर झालेलेच असते. गल्लीच्या शेवटच्या घरातील बाईच्या रिकाम्या कळशीला माझ्या निर्दोषपणाचा काय उपयोग? आणि एक गोष्ट पक्की. कुदळ वाजेपर्यंत आम्ही न जाणणारे होतो. कुदळ वाजल्यानंतर नाही. खड्ड्यात माती ओढली असती तर ती जॉबराने ओढली नसती, आम्ही ओढली असती. जुन्या अन्यायाचा वारसा नकळत मिळतो, पण तो कळल्यावर जपून ठेवला म्हणजे तो आपला स्वतःचा होतो.

दुसरे म्हणणे उपयोगाचे. एका नळाने काय फरक पडणार? येथे मला दाविदाची गोष्ट आठवते (२ शमुवेल २३:१५-१७). दावीद गुहेत आहे, बेथलेहेमात पलिष्ट्यांचे ठाणे आहे, आणि त्याला आपल्या गावच्या वेशीजवळील विहिरीचे पाणी प्यावेसे वाटते. तीन शूर वीर शत्रूच्या छावणीतून घुसून ते पाणी आणतात. दावीद ते पीत नाही, परमेश्वरापुढे ओततो. कारण ते त्याला पाणी वाटत नाही, जीव धोक्यात घालणाऱ्या माणसांचे रक्त वाटते. आता व्यवहाराने पाहिले तर ते पाणी ओतून कोणाचा काय फायदा झाला? वीर तर जाऊन आलेच होते. पण दाविदाला कळले की काही गोष्टींची किंमत समजल्यावर त्या पूर्वीसारख्या घशाखाली उतरत नाहीत. पाणी तेच, तहान तीच, पण जाणीव बदलली. आमचा एक नळ बंद केल्याने लातूरची तहान भागणार नव्हती, हे खरे. परंतु प्रभूने आपल्याला सगळ्या जगाच्या पाण्याचा हिशेब विचारलेला नाही. आपल्या भिंतीपासून दोन हातांवर जे सापडले त्याचा विचारला आहे.

तिसरे म्हणणे सर्वांत अवघड, कारण ते भक्तीच्या भाषेत बोलते. देवाने दिले ते नाकारू नये. अनुवाद ६ व्या अध्यायात मोशे इस्राएल लोकांना सांगतो की तुम्ही न बांधलेली नगरे, न खणलेल्या विहिरी, न लावलेले द्राक्षमळे तुम्हांला मिळतील. तेव्हा सांभाळा, परमेश्वराला विसरू नका. हे वचन आपण बहुधा दिलासा म्हणून वाचतो. मला आता ते इशारा वाटते. न खणलेल्या विहिरीचे पाणी पिणाऱ्याला विसरण्याचा रोग लवकर जडतो. ज्याने स्वतः खणली आहे त्याच्या तळहाताला घट्टे असतात, ते त्याला आठवण देतात. आपले हात मऊ असतात. म्हणून आपल्याला आठवण मुद्दाम ठेवावी लागते. परमेश्वराला विसरू नये म्हणजे विहीर खणणाऱ्यालाही विसरू नये आणि त्याच विहिरीवर ज्याचा हक्क आहे त्या शेजाऱ्यालाही विसरू नये, असे मी आता समजतो. जे उपकारस्मरण या दोघांना वगळून थेट आकाशाकडे पाहते, ते पुष्कळदा केवळ आपल्या सोयीला दिलेले चांगले नाव असते.

खणणाऱ्यांचा विषय निघाला म्हणून आणखी एक सांगतो. शब्बाथशाळेच्या शिक्षकांना तो उपयोगी पडेल. हिज्कीया राजाने यरुशलेमेत पाणी आणल्याचा उल्लेख २ राजे २०:२० आणि २ इतिहास ३२:३० मध्ये आहे. गीहोन झऱ्यापासून शिलोहाच्या तळ्यापर्यंत खडकातून सुमारे ५३३ मीटर लांबीचा बोगदा खोदलेला आहे. १८८० साली तेथे खेळणाऱ्या मुलांना बोगद्याच्या भिंतीवर कोरलेला लेख दिसला. आता तो इस्तंबूलच्या वस्तुसंग्रहालयात आहे. त्या लेखात काय आहे? राजाचे नाव नाही. विजयाची घोषणा नाही. दोन्ही टोकांकडून खोदत येणाऱ्या कामगारांमध्ये थोडेच हात खडक उरला तेव्हा पलीकडून हाका ऐकू आल्या, टिकावाला टिकाव भिडला आणि पाणी वाहू लागले, एवढीच हकिकत आहे. शास्त्राने राजाचे नाव राखले आणि खडकाने कामगारांची हाक राखली. पुढे सातशे वर्षांनी आपल्या प्रभूने एका जन्मांध माणसाला त्याच शिलोहात जाऊन डोळे धुवायला सांगितले (योहान ९:७). त्या बोगद्यात टिकाव मारणाऱ्याला काय ठाऊक होते की आपण कोणाच्या दृष्टीसाठी पाणी आणीत आहोत!

आपल्याकडेही असे उदाहरण आहे. औरंगाबाद, म्हणजे आताचे छत्रपती संभाजीनगर, १९५६ पर्यंत हैदराबाद संस्थान आणि नंतर हैदराबाद राज्य यांतच होते. हबशी देशात जन्मलेला आणि गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर पुढे निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. त्याने सतराव्या शतकाच्या आरंभी तेथे खडकी हे नगर वसवले आणि डोंगराकडील पाणी जमिनीखालच्या नहरींनी शहरात आणले. त्याच धर्तीवर पुढे बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पाणचक्की झाली. काही मैलांवरून मातीच्या खापरी नळांतून आलेले पाणी उंच भिंतीवरून हौदात पडते, आणि त्याच पाण्याच्या जोरावर जाते फिरे. त्या पिठाच्या भाकरी प्रवाशांना आणि फकिरांना मिळत. तीही एक गिरणीच होती, तिलाही नळानेच पाणी येई. आपला धर्म वेगळा असला तरी त्या रचनेपासून शिकण्यासारखे आहे. नळ कोणी घातला हे महत्त्वाचे आहे, पण तो शेवटी कोठे उघडतो हे अधिक महत्त्वाचे आहे. तो नळ परक्याच्या भाकरीपाशी उघडत होता. आमचा नळ आमच्याच अंगणात येऊन संपत होता.

असे नळ केवळ पाण्याचेच असतात असे नाही. आपल्यापैकी कितीजण मिशनच्या शाळांत शिकले, मिशनच्या दवाखान्यांत जन्मले! अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये अहमदनगरला काम सुरू केले, तेव्हापासून किती पिढ्यांनी ते पाणी प्यायले! कोणाला वडिलांच्या ओळखीने नोकरी लागली, कोणाला मंडळीच्या आवारात स्वस्तात घर मिळाले. ही सगळी पापे आहेत असे मी म्हणत नाही. एका तरुणाने मला विचारले, "सर, प्रत्येकाने आपल्या घराखाली असे खणायला घेतले तर एकही घर उभे राहील काय?" प्रश्न योग्य आहे. मी त्याला जक्कयाची आठवण दिली. जक्कयाने सारे यरीहो उकरले नाही. ज्यांचे अन्यायाने घेतले होते त्यांना चौपट परत देईन म्हणाला, आणि आपल्या मालमत्तेतले अर्धे दरिद्र्यांना. म्हणजे ज्याचा धनी सापडतो ते त्याला परत करावे. ज्याचा धनी सापडत नाही, कारण तो कधीच मातीत गेला, ते पुढच्याला द्यावे. गिरणीच्या त्या कामगारांना मी आज काहीच परत करू शकत नाही. पण गल्लीच्या शेवटच्या घराला करू शकतो.

बैठकीत मी एवढे सगळे बोललो नाही. सातवी ओवी वाचली आणि म्हणालो, "गेल्या महिन्यात मी तुम्हांला अर्धाच पाठ वाचून दाखवला. चूक माझी आहे." बराच वेळ कोणी बोलले नाही. शेवटी खात्याला कळवायचे ठरले. सर्वांनी मनापासून ठरवले असे म्हणता येणार नाही. काहींनी केवळ विरोध केला नाही.

आता या गोष्टीचा जो भाग मला सर्वांत अधिक शिकवून गेला तो सांगतो. जुना नळ बंद झाला. नव्या जोडणीचा अर्ज, मोजणी, मीटर यांत दिवस गेले. तोवर आम्हीही टँकरच्या रांगेत उभे राहिलो. लातूरच्या मुलीची ती आजी, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांनी अधू. तिसऱ्या दिवशी ती अर्धी कळशी घेऊन भिंतीला धरत येत होती. मी पुढे झालो तेव्हा थांबून म्हणाली, "बाबा, तुमचं मन साफ झालं, बरं झालं. पन घागर मला उचलावी लागती."

या वाक्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. सत्याने वागण्याचा निर्णय मी घेतला होता आणि त्याची किंमत तिचे गुडघे देत होते. चांगुलपणात ही एक मोठी फसगत असते. न्याय्य गोष्ट करताना तिचा भार घरातल्या किंवा मंडळीतल्या सर्वांत दुबळ्या माणसाच्या खांद्यावर जातो, आणि ठरवणारा मात्र हलक्या मनाने प्रार्थनेला बसतो. एकमेकांची ओझी वाहण्याविषयी पौलाने गलतीकरांस जे लिहिले आहे, ते मी अनेकदा शिकवले होते. ओझे बहुधा पाण्याचेही असते हे ध्यानात आले नव्हते. त्या दिवसापासून मी आणि शब्बाथशाळेतील मोठ्या वर्गाची मुले यांनी पाळी लावून आजीचे पाणी भरले. यात मोठेपणा काही नाही, तो आमच्याच निर्णयाचा हप्ता होता. आजीने आभार मानले नाहीत. पहिल्या दिवशी एवढेच म्हणाली, "उद्या जरा लवकर या."

पुढे वाड्याला रीतसर नळ मिळाला. त्याला मीटर होता, आणि पाणी गल्लीबरोबरच येई आणि गल्लीबरोबरच जाई. गल्लीच्या शेवटी राहणाऱ्या बाईंना मी काही दिवसांनी विचारले, फरक पडला काय? त्या हिशेबी आहेत. थोडा विचार करून म्हणाल्या, "दोन बादल्या जास्त येतात." मला वाटले होते की पुष्कळ फरक पडला असेल. पण दोनच बादल्या. मग मनात आले की त्या दोन बादल्या इतकी वर्षे रोज आमच्या अंगणात पडत होत्या, आणि त्यांसाठी आम्ही देवाचे आभार मानीत होतो.

पुढच्या प्रार्थनासभेत मी तो उपदेश मागे घेतला. तेच वचन पुन्हा घेतले आणि या वेळी सातव्या ओवीपासून विधवेच्या घरापर्यंत गेलो. "चांगले बोललात" असे कोणी म्हटले नाही. फिटरकाकांनी मात्र त्या नळाचा वीतभर तुकडा जपून ठेवला होता, तो त्यांनी माझ्या हाती दिला. शिशाच्या कड्यावर छिन्नीच्या खुणा अजून स्पष्ट दिसतात, शेजारी शेजारी, एकसारख्या. कोणा अनामिकाने मन लावून काम केले होते. त्याच्या पाण्याचा उपयोग पुढे कोणी कसा केला याचा दोष त्याच्याकडे नाही. शब्बाथशाळेत मी तो तुकडा मुलांच्या हातांतून फिरवतो आणि विचारतो, "तुमच्या घरी असे काय काय आहे, जे तुम्ही आणले नाही?" मुले प्रथम गप्प बसतात, मग एकेक बोलू लागते. कोणी आजोबांचे घर सांगते, कोणी आईची शिलाई मशीन, कोणी शाळेची माफ झालेली फी. मग मी दुसरा प्रश्न विचारतो : "ते पुढे कोणाकडे जायला हवे?"

वाचकहो, हे दोन प्रश्न आपणही आपल्या घरी, सांजच्या कौटुंबिक प्रार्थनेच्या वेळी एकदा विचारून पाहावेत अशी विनंती आहे. उत्तर लगेच मिळेल असे नाही. परंतु जो प्रभू याकोबाच्या विहिरीपाशी थकून बसला आणि ज्याने एका परक्या स्त्रीकडे पाणी मागितले, तो आपल्या प्रत्येकाच्या अंगणातील नळाशी उभा आहे असे समजून उत्तर शोधावे. तो आपल्याकडे पाणी मागेल, आणि ते कोठून आले हेही विचारील. त्या वेळी आपल्याला खाली मान घालावी लागू नये, अशी कृपा देवबाप आपणा सर्वांवर करो.